मॅपने पाखाडीत आणून सोडलंय, आता काय करू?

मे महिन्यातला शनिवार, रात्रीचे साडेनऊ, नुकता जेवून अंगणात येऊन बसलो होतो आणि फोन वाजला. पुण्याचे पाहुणे. "काका, मॅप म्हणतोय पोचलात, पण इथे घरच नाहीये." म्हटलं समोर काय दिसतंय ते सांगा. जरा वेळ गप्प, मग पोरगा म्हणाला, "खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत. आणि मधे एक गाय बसलीय."

गाय म्हटल्यावर मला कळलं. ती शेजाऱ्यांची, रोज रात्री पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेच्या, तोंडाशी बसते. म्हणजे गाडी सड्यावरून, वरच्या कातळाच्या माळावरून, वरच्या वाडीत शिरली होती. तिथून आमचं घर सरळ खाली शंभर-सव्वाशे मीटर, पण त्या सव्वाशे मीटरात जांभ्याच्या साठ-सत्तर पायऱ्या आणि दोन्ही अंगाला गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, डोक्यावर भारा घेतलेला माणूस जाईल एवढीच वाट. मॅपला ती पाखाडी रस्ता वाटते. मी बॅटरी घेऊन वर गेलो, सात सीटर गाडी, दोन गडग्यांच्या मधून रिव्हर्समध्ये मागे घ्यायला पाऊण तास गेला, उजवा आरसा गेला, आणि मागच्या सीटवरच्या आजी तेवढा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. नऊ वर्षं झाली घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करतोय आणि नऊ वर्षं हेच फोन घेतोय, फक्त गाडीचा रंग बदलतो. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू, म्हणजे पुढच्या वेळी एवढंच पाठवून द्यायचं. कुठल्या कंपनीचा मॅप ते विचारू नका, पाहुण्यांच्या फोनमध्ये वेगवेगळे असतात आणि पाखाडीच्या तोंडाशी सगळेच येतात.

आधी ज्यांची गाडी आत्ता या क्षणी अडकलीय त्यांच्यासाठी. थांबा. पुढे घेऊ नका. "अजून थोडं पुढे जाऊन बघू, वळायला जागा मिळेल" हे वाक्य कोकणात बोलायचं नाही, पुढे जागा नसते, पुढे कोणाचं तरी खळं असतं किंवा उतार असतो. एकाने उतरून पायी पुढे जाऊन बघायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बॅटरी दाखवायची, आणि रिव्हर्स घेताना डाव्या आरशाकडे जास्त लक्ष ठेवा कारण ड्रायव्हरला उजवा गडगा खिडकीतून दिसतो, डावा दिसत नाही. (आमच्या त्या पोराने डावीकडे एवढं लक्ष दिलं की उजवा आरसा गेला, पण तो भाग वेगळा.) आणि मग फोन करा, फोनवर "आम्ही मॅपप्रमाणे आलोय" हे सांगू नका, ते मला माहितीय, समोर काय दिसतंय ते सांगा. देऊळ, शाळा, ट्रान्सफॉर्मर, विहीर, एसटीचा थांबा, गाय सुद्धा चालेल.

आता मूळ दुखणं. "मॅप चुकला" असं सगळे म्हणतात पण त्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एक, तुम्ही मॅपला दिलेलं ठिकाणच चुकीचं असतं. दुसरा, ठिकाण बरोबर पण तिथे जायचा रस्ता चुकीचा निवडलेला. तिसरा, दोन्ही बरोबर पण फोनलाच कळत नाहीये तो कुठे उभा आहे. ओळखायचं कसं, तर मॅप बोटांनी मोठा करून बघा. निळा ठिपका तुम्ही खरंच उभे आहात तिथेच आहे आणि लाल पिनही त्याच्याच शेजारी आहे, तरी घर नाही, तर पिन चुकलीय. पिन पलीकडे दिसतेय आणि मधे खाडी, दरी किंवा पायऱ्या आहेत, तर रस्ता चुकलाय. आणि निळा ठिपका समुद्रात पोहत असेल किंवा भोवती भलंमोठं फिकट निळं वर्तुळ असेल तर फोन चुकलाय. वर्तुळ जेवढं मोठं तेवढी फोनला स्वतःच्या जागेची खात्री कमी, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, त्यांना ते डिझाइन वाटतं.

पिनचं सांगतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक फोन याचेच.

लोक काय करतात, गावाचं नाव टाकतात आणि निघतात. शहरात ठीक आहे. इथे गाव म्हणजे एक जागा नसते, गाव म्हणजे समुद्राकाठची वाडी, मधली वाडी, वरची वाडी, मोहल्ला, आणि या सगळ्यांच्या मधे आंबा-काजूच्या बागा आणि कातळ. नुसतं गावाचं नाव टाकलं की पिन कुठेतरी मधोमध पडते आणि मधोमध बऱ्याचदा सडा असतो, जिथे पावसाळा सोडला तर गवत सुद्धा उगवत नाही. आमच्याकडे एकदा दोन बाइकवाले दुपारी दोन वाजता तापलेल्या कातळावर उभे राहून मला फोनवर सांगत होते की काका तुमचं गाव खूप शांत आहे.

त्यात एकाच नावाची दोन-दोन गावं. मुरुड म्हटलं की एक जंजिऱ्याचं रायगड जिल्ह्यात आणि एक दापोली तालुक्यात हर्णै-कर्द्याच्या मधलं, महर्षी कर्व्यांचं. दोन्ही समुद्रकाठी, दोन्हीकडे पर्यटक, दोन्हीकडे शेजारी किल्ला, त्यामुळे फोटो बघूनही पटकन कळत नाही. पाली एक बल्लाळेश्वराची आणि एक रत्नागिरीजवळ हायवेवर. नांदगाव रायगडात पण आहे आणि कणकवलीच्या बाजूला पण. कशेळी म्हणजे राजापूर तालुक्यातली कनकादित्याची, पण मुंबईत बसून टाकलंत तर भिवंडीजवळची कशेळी आधी येईल. म्हणून नावापुढे तालुका टाका, जिल्हा पुरत नाही, तालुका टाका, आणि निघायच्या आधी रूट लहान करून पूर्ण बघा, शेवटचं टोक समुद्राच्या कुठल्या भागात टेकतंय ते दिसलं पाहिजे.

आमच्या इथला सगळ्यात जुना घोटाळा तर दाभोळचा. पूर्वीची दाभोळ पॉवर कंपनी, लोक एन्रॉन म्हणतात ती, नाव दाभोळचं पण प्रकल्प खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला. दाभोळ गाव पलीकडे, दापोली तालुक्यात. मॅप यायच्या आधीपासून ट्रकवाले यात फसायचे, आता मॅप असून फसतात, यात मॅपचा काय दोष.

स्पेलिंगचं पण बघा. रोमन लिपीत वेळणेश्वर डब्ल्यूने लिहिणारे वेगळे, व्हीने लिहिणारे वेगळे, शृंगारतळी तर मी पाच प्रकारे लिहिलेली बघितलीय. सापडत नसेल तर देवनागरीत टाइप करून बघा, कधी कधी तिथे बरोबर सापडतं.

मग लोक म्हणतात बरं, नाव नको, लोकेशन पाठवा. हे चांगलं, पण यातही मेख आहे आणि इथे चूक माझ्या बाजूची पण झालीय ते कबूल करतो. आमच्या हिने एकदा पाहुण्यांना लोकेशन पाठवलं तेव्हा ती शृंगारतळीच्या बाजारात मासे घेत होती. करंट लोकेशन म्हणजे फोन जिथे आहे ते लोकेशन, घराचं नव्हे. पाहुणे इमानदारीत कोळणीच्या टोपलीसमोर येऊन उभे राहिले. तेव्हापासून आमच्याकडे नियम, अंगणात तुळशीपाशी उभं राहून, फोनला मिनिटभर जागा पकडू देऊन, घेतलेली एकच पिन सेव्ह करून ठेवायची आणि सगळ्यांना तीच फॉरवर्ड करायची. तुम्ही पाहुणे असाल तर मालकाला सरळ विचारा, हे लोकेशन घरात उभं राहून घेतलंय ना? राग येत नाही कोणाला. आणि लाइव्ह लोकेशन वेगळं, व्हॉट्सअॅपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, ते तुम्ही आम्हाला पाठवायचं असतं, म्हणजे तुम्ही भलतीकडे वळलात की आम्ही इथून ओरडू शकतो.

काही लोक आकडे मागतात, अक्षांश-रेखांश. द्या, पण दोन गोष्टी सांभाळा. आमच्या भागाचे आकडे साधारण १७.४ आणि ७३.२ असे, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. उलटे टाकलेत तर मॅप तुम्हाला नॉर्वेच्याही वरच्या समुद्रात घेऊन जाईल, तिथे आमची सोय नाही. दुसरं, अंश-मिनिटं आणि दशांश यात गल्लत. १७ अंश २४ मिनिटं म्हणजे १७.४०, पण कोणी ते सरळ १७.२४ असं टाइप केलं की ठिकाण १८ किलोमीटर दक्षिणेला सरकतं, आणि ७३ अंश १२ मिनिटांचं ७३.१२ केलं की ८ किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे दोन्ही चुका एकत्र झाल्या की तुम्ही जयगडच्या बाहेर खोल पाण्यात.

प्लस कोड मला स्वतःला आवडतो. गुगल मॅप्समध्ये पिन दाबून धरली की पत्त्याजवळ दिसतो, थोडी अक्षरं-आकडे, मग अधिकची खूण, मग आणखी दोन अक्षरं, आणि पुढे गावाचं नाव. साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन असतो तो, म्हणजे आमचं अंगण. लोक चूक काय करतात, पुढचं गावाचं नाव गाळून नुसता कोड कॉपी करतात. छोटा कोड एकटा अर्धवट असतो, तो तुम्ही आहात त्याच्या जवळपासचाच चौकोन दाखवतो, पुण्यात बसून टाकलात तर पुण्यातला. एकाने मला फोन करून विचारलं होतं, काका तुमचं घर कोथरूडला पण आहे का. असतं तर कशाला इथे मासे तळत बसलो असतो.

आता दुसरा आजार, रस्ता. इथे मॅपपेक्षा भूगोल कारणीभूत आहे. कोकणात सरळ अंतराला काही अर्थ नसतो, दर दहा-वीस किलोमीटरवर एक खाडी आत शिरलेली, आणि सगळ्या खाड्यांवर पूल नाहीत. दाभोळहून आमच्या बाजूचं धोपावे डोळ्यांनी दिसतं. मधे वाशिष्ठी. गाडीसकट जायचं तर जंगलजेटी, म्हणजे ती फेरीबोट, २००३ पासून आहे, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. जेटी नसेल तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. आता बघा, मॅपच्या सेटिंगमध्ये फेरी टाळा असा एक पर्याय असतो. तो कधीतरी चुकून चालू राहिला असेल तर मॅप तुम्हाला जेटी दाखवणारच नाही आणि तुम्ही दापोलीतून उगाच खेडचा घाट उतरत-चढत बसाल. आणि तो बंद असेल तर रात्री अकरालाही तो तुम्हाला निवांत धक्क्यावर आणून सोडेल, समोर काळं पाणी आणि पलीकडे दिवे. जेटीची शेवटची फेरी किती वाजता, हे मॅपला विचारू नका, धक्क्यावर फोन करा किंवा राहायला जाताय त्या मालकाला विचारा, सीझनप्रमाणे वेळ बदलते. आणि मे महिन्यात, दिवाळीत, जोडून सुट्ट्या आल्या की धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, ती रांग मॅपच्या वेळेत धरलेली नसते.

हेच वेसवी-बागमांडल्याला, रायगडातून मंडणगडात उतरताना, हेच आगरदांडा-दिघीला, आणि हेच जयगड-तवसाळला. गणपतीपुळ्याहून आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे तवसाळच्या जेटीने येतात, ते बरोबरच आहे. पण जेटी बंद असेल तर परत फिरून हायवेला जायची गरज नाही, जाकादेवी, राई, भातगावचा पूल, आबलोली असं आत येता येतं. मॅप हा रस्ता कधी दाखवतो, कधी दाखवत नाही, दाखवला नाही तर भातगाव पूल मधला थांबा म्हणून टाका, मग मुकाट्याने दाखवतो. मधला थांबा टाकणं हे सगळ्यात कामाचं औषध आहे. मॅपला शेवटचं ठिकाण एकच दिलं की तो त्याच्या डोक्याने येतो, दोन-तीन मधले थांबे दिले की तुमच्या डोक्याने येतो. आमच्याकडे यायचं तर मी सांगतो, चिपळूण, मार्गताम्हाणे, शृंगारतळी आणि मग आमची पिन. शृंगारतळी टाकलं नाही की हमखास सड्याकडून, हमखास गाईपाशी.

घाटांचं पण तसंच. पुण्याहून यायला कोणी ताम्हिणीने माणगावला उतरतं, कोणी उंब्रज-पाटण करून कुंभार्लीने थेट चिपळूणला. वरंध मॅपवर छोटा आणि मोहक दिसतो, भोरहून महाडला, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद करतात आणि मॅपवर ते लगेच कळेलच असं नाही. जून ते सप्टेंबर निघायच्या आदल्या दिवशी जिल्ह्याची बातमी बघा, दहा मिनिटं लागतात. आणि रघुवीर घाट, खेडहून वर जातो तो, मॅपवर बघून लोकांना वाटतं हा साताऱ्याला जायचा शॉर्टकट. वर गेलात की पुढे शिवसागर, कोयनेचं पाणी. दरी बघायला जरूर जा, पलीकडे जायला नको.

अजून एक फसवा प्रकार, चिरेखाणीचे रस्ते. सड्यावर जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी असतात, तिथे ट्रक ये-जा करून लाल मातीचा चांगला रुंद रस्ता तयार होतो, वरून उपग्रहाच्या फोटोत तो गावच्या डांबरी रस्त्यापेक्षा जास्त रस्त्यासारखा दिसतो. खाण बंद पडते, रस्ता मॅपवर राहतो. शेवटी वीस फुटांचा चौकोनी खड्डा, पावसाळ्यात पाण्याने भरलेला. मॅप लाल मातीवर वळायला सांगत असेल आणि तिथे गावाच्या नावाचा बोर्ड नसेल, विजेचे खांब रस्त्याबरोबर जात नसतील, तर वळू नका. विजेचे खांब हा माझा स्वतःचा नियम आहे, खांब जिकडे जातात तिकडे माणसं राहतात.

रूट ठरवताना सॅटेलाइट व्ह्यू लावून शेवटचे दोन किलोमीटर एकदा बोटाने फिरून बघा. झाडांमुळे सगळं दिसत नाही, पण एवढं कळतं की ही रेघ छपरांच्या मधून जातेय की रानातून. आणि कारने येताना मॅपमध्ये बाइकचं चित्र निवडलेलं नाही ना ते बघा. हसू नका. बाइकवाल्याला तो अरुंद वाटांनी नेतो, आणि पाखाडीच्या तोंडाशी आलेल्या तीन गाड्यांच्या फोनमध्ये मी स्वतः ते बाइकचं चित्र बघितलंय, कोणीतरी आठवड्यात ऑफिसला जाताना निवडलेलं, तसंच राहिलं.

तिसरा आजार फोनचा, तो सोपा. पहिली गोष्ट म्हणजे रेंज गेली तरी जीपीएस जात नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर आहेत, फोन त्यांचं फक्त ऐकतो, त्याला सिमकार्ड लागत नाही, चार उपग्रह दिसले की पुरे. रेंज गेल्यावर जातो तो मॅपचा कागद, म्हणजे चित्र आणि नवीन रस्ता शोधणं. निळा ठिपका असतो पण पांढऱ्या कागदावर. आमच्याकडे रेंज सड्यावर असते आणि समुद्राकडे उतरायला लागलं की जाते, म्हणजे नेमकी शेवटच्या चार वळणांना. त्यासाठी घरी वायफायवर असतानाच ऑफलाइन मॅप उतरवून घ्या, फक्त गुहागर नको, चिपळूणपासून समुद्रापर्यंतचा अख्खा चौकोन, खाडीपलीकडचा भाग पण, कारण एकदा चौकोनाबाहेर गेलात की तो नवा रस्ता शोधू शकत नाही. ऑफलाइनमध्ये गाडीचा रस्ता मिळतो पण ट्रॅफिक कळत नाही. मागच्या वर्षी उतरवलेला असेल तर अपडेट केलाय का बघा. मी स्वतः जोडीला ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशावर, चालणारं एक ऑफलाइन अॅप ठेवतो, त्यात पायवाटा तुटक रेघेने वेगळ्या दाखवतात, पाखाडी पाखाडी म्हणून दिसते, अर्थात कोणीतरी ती भरलेली असेल तर.

ठिपका उड्या मारत असेल तर आधी बॅटरी सेव्हर बंद करा, तो बऱ्याच फोनमध्ये लोकेशन अर्धवट करून ठेवतो. आयफोनवाल्यांनी मॅपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का बघायचं, ती बंद असेल तर ठिपका जिल्हाभर फिरतो. घाटात, दाट झाडीत, उंच कड्याशेजारी आभाळ कमी दिसतं म्हणून ठिपका सरकतो, थोडं मोकळ्यावर आलं की जागेवर येतो. कशेडीच्या बोगद्यात तो थांबणारच, घाबरू नका. हायवेला उड्डाणपूल आणि सर्व्हिस रोड वरखाली असले की मॅपला कळत नाही तुम्ही वर आहात की खाली, तिथे रस्त्यावरचा बोर्ड वाचायचा. आणि बाण उलटा दाखवत असेल, तर फोन चुंबकाच्या स्टँडवर लावलाय का बघा, चुंबकाने आतला कंपास गोंधळतो. स्टँडवरून काढून हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवा, किंवा सरळ वीस-तीस मीटर गाडी पुढे घ्या, चालत्या गाडीत त्याला दिशा आपोआप कळते. फोन काचेखाली उन्हात तापून बंद पडणं हे वेगळंच, मे महिन्यात एसीच्या झोताजवळ लावा.

वेळेचं एकच. मॅप चिपळूण ते आमचं घर जो वेळ सांगतो त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवून धरा. गाडीला समोरून एसटी आली की कोणीतरी एकाने मागे जायचं असतं, आणि ते तुम्हीच असता.

समुद्रकिनाऱ्याची पिन मात्र जपून. काही बीचची पिन सरळ वाळूत पडलेली असते आणि लोक पिनपर्यंत गाडी नेतात. ओहोटीला वाळू घट्ट दिसते, दोन तासांनी भरती आली की चाकं आत. पुनव-अवसेला तर उधाण, पाणी फार वर चढतं. आमच्याकडच्या जुन्या लोकांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अवसेला-पुनवेला बाराच्या आसपास, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, आणि दिवसातून दोनदा. हेदवीची बामणघळ बघायची तर याच वेळा धरून जा, भरतीशिवाय तिथे नुसती फट दिसेल, आणि भरतीला लांबूनच बघा. गाडी मात्र शेवटच्या सुरूच्या झाडापाशी लावायची. वाळूत रुतलेली गाडी ओढायला येणारा ट्रॅक्टर मॅपवर नाही, पण त्याला गावातून फोन जातो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा भाव तो सांगेल तोच.

पाखाडीचं मी काय केलं ते सांगतो, कारण बऱ्याच मालक लोकांनी विचारलंय. मॅपमध्ये दुरुस्ती सुचवा असा पर्याय असतो, तिथून कळवलं की हा रस्ता गाडीचा नाही. पहिल्यांदा नाकारलं. दुसऱ्यांदा पायऱ्यांचे दिवसाउजेडी काढलेले चार फोटो जोडले, एकात गाय पण आलीय, आणि शेजारच्या दोघांना सांगितलं तुम्ही पण आपापल्या फोनवरून कळवा. महिनाभराने एका मॅपवरून रेघ गेली. दुसऱ्यावर अजून आहे. म्हणून वरच्या तिठ्यावर एका चिऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलंय, "पुढे पायऱ्या. गाडी जात नाही. घरगुती सोय डावीकडे." आणि खाली बाण.

गेल्या शनिवारी परत फोन आला. "काका, तुमचा दगड दिसला, पण मॅप सरळ सांगतोय." म्हटलं दगडाचं ऐका.